कपाशीवरील ‘अमेरिकन’ अळी आणि तिचे खरे नाव

पावसाळा सरत आला की दारव्हा–यवतमाळ रस्त्यावरील बोरी अरबच्या शिवारात एकच पतंग चार नावांनी वावरू लागतो. कपाशीच्या पातीवर त्याची अळी दिसली की ती ‘अमेरिकन बोंडअळी’ किंवा ‘हिरवी बोंडअळी’ म्हणून ओळखली जाते. त्याच कपाशीत घेतलेल्या तुरीच्या तासात ती ‘शेंगा पोखरणारी अळी’ होते. सोयाबीन निघाल्यावर पेरलेल्या हरभऱ्यात तिला ‘घाटेअळी’ म्हणतात, आणि विहिरीच्या पाण्यावर लावलेल्या टमाट्यात ‘फळ पोखरणारी अळी’. अळी एक, पतंग एक, परंतु नावे चार असल्यामुळे शेतकऱ्याच्या मनात शत्रूही चार होतात. चार शत्रूंसाठी चार वेगळी औषधे लागत असणार, असा त्याचा समज होणे मग स्वाभाविकच आहे. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर त्या समजाला दुजोरा देणाऱ्या बाटल्यांची उणीव नसते.

या चार नावांपैकी तीन नावे निदान खोटी नाहीत; अळी शेंगा पोखरते, घाटे पोखरते, फळेही पोखरते. चौथे नाव मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. ही अळी अमेरिकन नव्हे. ते नाव गावाच्या बोलीतून, फलकावरून आणि नोंदवहीतून आता काढून टाकावयास पाहिजे आणि कोणत्याही पिकावर ही अळी आढळली तरी तिची नोंद ‘घाटेअळी’ या एकाच नावाने व्हावयास पाहिजे. हा केवळ शब्दांचा वाद आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु या नावाशी शेतकऱ्याचा पैसा आणि काही प्रसंगी त्याचा जीवही गुंतलेला आहे.

प्रथम पतंगाची ओळख करून घेणे इष्ट होईल. पंख पसरले असता तो सुमारे साडेतीन ते चार सेंटिमीटर रुंद भरतो. नर हिरवट करड्या रंगाचा, तर मादी तांबूस तपकिरी असते. पुढच्या प्रत्येक पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा एक गडद डाग असतो. मागचे पंख फिकट असून त्यांच्या कडेला रुंद काळसर पट्टा असतो. दिवसा तो झाडोऱ्यात दडून बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर निघतो. मादी कोवळे शेंडे, पाती, फुले यांवर अंडी घालते, आणि ती पुंजक्याने न घालता एकेक करून सुटी घालते. ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे; कारण तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा पतंग केसांनी झाकलेल्या पुंजक्यांत अंडी घालतो, आणि त्यामुळे तिच्या लहान अळ्या एकाच पानावर घोळक्याने दिसतात. घाटेअळीची एक मादी शेकडो, क्वचित हजारांहूनही अधिक अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी उबतात, दोन ते तीन आठवडे अळी खात राहते, नंतर जमिनीत काही सेंटिमीटर खोल शिरून कोषात जाते. पाऊस आणि ऊब अनुकूल असेल तर महिना-सव्वा महिन्यात पुढची पिढी उडू लागते.

अळीच्या रंगावर मात्र भिस्त ठेवू नये. अनेकांची फसगत येथेच होते. घाटेअळी हिरवी असते, तशीच पिवळसर, तपकिरी, काळपट आणि गुलाबीसरही असते. एकाच झाडावर दोन रंगांच्या अळ्या सापडल्या म्हणजे त्या दोन जातींच्या आहेत असे मुळीच नाही. उलटपक्षी, जिला ‘गुलाबी’ अथवा ‘शेंदरी’ बोंडअळी म्हणतात ती लहानपणी पांढुरकी असते आणि गुलाबी छटा तिला पुढे येते. रंगावरून नाव ठेवणाऱ्यास घाटेअळी गुलाबी वाटू शकते आणि गुलाबी बोंडअळी ओळखूच येत नाही. घाटेअळीच्या दोन्ही कुशींवर लांबट फिकट रेषा असतात, अंगावर विरळ केस असतात, आणि पूर्ण वाढलेली अळी बोटाच्या दीड-दोन पेरांइतकी होते. गुलाबी बोंडअळी पुरी वाढली तरी सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. घाटेअळी घाट्यात डोके खुपसून अर्धे अंग बाहेर ठेवून खाते. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत संपूर्ण दडलेली असते.

आता नावाचा इतिहास. तो शेतकऱ्यास अनावश्यक वाटेल, परंतु ‘अमेरिकन’ हा शब्द कोठून आला हे त्यावाचून कळत नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथील चित्रकार व कीटकशास्त्रज्ञ याकोब ह्यूबनर याने या पतंगाचे चित्र देऊन त्यास ‘आर्मिजेरा’, म्हणजे लॅटिन भाषेत ‘शस्त्र धारण करणारा’, असे जातिनाम दिले. त्या काळी सारे तत्सम पतंग ‘नॉक्टुआ’ या एका मोठ्या वंशात घातले जात. पुढे हा पतंग ‘हेलिओथिस’ या वंशात गेला. अमेरिकेत मक्याच्या कणसावर पडणारी अळी दिसावयास अगदी अशीच असते. त्यामुळे आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या सर्व खंडांतील हे पतंग एकाच जातीचे होत, असे दीर्घकाळ मानले गेले. फॅब्रिशियसने दिलेले ‘ऑब्सोलेटा’ हे नावही त्या सर्वांना लावले जाई, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या भारतीय कृषी साहित्यात हरभऱ्यावरील अळी याच नावाने आढळते. अमेरिकेतील कीड ती हीच, अशी एकदा समजूत झाल्यावर ‘अमेरिकन बोंडअळी’ हे नाव कपाशीच्या साहित्यात रूढ होणे ओघानेच आले.

हा गुंता सुटावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १९५३ साली ऑस्ट्रेलियातील कॉमन या शास्त्रज्ञाने तेथील पतंग आणि अमेरिकेतील पतंग या दोन निराळ्या जाती असल्याचे दाखविले. १९५५ साली टॉड याने अमेरिकन जातीस ‘झिया’ हे, बॉडी याने १८५० साली दिलेले जुने नाव पुन्हा लागू केले. ‘झिया’ हे मक्याच्या वनस्पतिशास्त्रीय नावातूनच आलेले आहे. त्यानंतर १९६५ साली कॅनडातील डेव्हिड हार्डविक याने जगभरच्या नमुन्यांची तपासणी करून या गटासाठी ‘हेलिकोव्हर्पा’ हा स्वतंत्र वंश स्थापन केला. बाहेरून पंख पाहून जे पतंग वेगळे करता येत नाहीत, ते जननेंद्रियांची सूक्ष्म रचना तपासली असता वेगळे करता येतात. हीच त्याच्या कामाची मुख्य पद्धत होती. तेव्हापासून भारतातील घाटेअळीचे शास्त्रीय नाव ‘हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा’ असे ठरले, जरी पुस्तकांतून ‘हेलिओथिस’ हे जुने नाव आणखी काही दशके रेंगाळत राहिले. तंबाखूवर आढळणारी ‘असल्टा’ ही त्याच वंशातील जातही भारतात आहे.

सारांश, ही अळी जुन्या जगाची आहे आणि अमेरिकेतील ‘झिया’ ही तिची चुलत बहीण. यातील विनोदाचा भाग असा की, ‘अमेरिकन’ म्हणून हिणविली गेलेली ही कीड प्रत्यक्ष अमेरिका खंडात फार उशिरा नोंदली गेली. २०१३ साली ब्राझीलमधील कपाशी व सोयाबीनच्या पिकांत ती सापडल्याचे जाहीर झाले आणि तेथे मोठी खळबळ उडाली. ब्राझीलच्या शेतकऱ्यांनी तिला ‘भारतीय अळी’ म्हटले असते तर ते अधिक न्यायाचे झाले असते! २०१८ साली तर तेथील काही पतंगांत आर्मिजेरा आणि झिया या दोन्ही जातींचा संकर झाल्याचे आनुवंशिक तपासणीवरून दिसून आले. जातींमधील कुंपणे निसर्गात कधी कधी मोडतात, हे यावरून मान्य करावेच लागते. परंतु म्हणून कुंपण नव्हतेच, असे ठरत नाही.

‘अमेरिकन’ या शब्दाने आणखी एक घोळ अलीकडे उत्पन्न केला आहे. २०१८ साली कर्नाटकात मक्यावर एक नवी कीड आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही येऊन पोहोचली. तिचे शास्त्रीय नाव ‘स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा’, आणि मराठी कृषी साहित्यात तिला ‘अमेरिकन लष्करी अळी’ हे नाव मिळाले. ही कीड मूळची अमेरिकेचीच असल्याने हे नाव यथार्थ आहे. परंतु आता एकाच तालुक्याच्या नोंदीत दोन ‘अमेरिकन’ अळ्या झाल्या. एक खरी, एक नावापुरती. ‘आमच्याकडे अमेरिकन आली आहे’ असा निरोप कृषी सहाय्यकास मिळाला तर तो मक्याबद्दल आहे की कपाशीबद्दल, हे विचारल्यावाचून समजत नाही. लष्करी अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण असते आणि शेपटाकडील आठव्या वलयावर चौकोनात चार काळे ठिपके असतात. घाटेअळीला यांपैकी काही नसते. वरचे नाव सोडले तर दोघींचा गोंधळ होण्याचे खरोखर काही कारण नाही.

येथे व्यवहारी शेतकरी एक आक्षेप घेईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. तो म्हणेल की, बोंड पोखरले गेले म्हणजे पीक गेले. पोखरणाऱ्या अळीचे आडनाव काय, याची चौकशी शास्त्रज्ञांनी करावी. शास्त्रज्ञांनीच तर दोनशे वर्षांत नावे चार वेळा बदलली. मग गावाने कोणत्या नावावर विश्वास ठेवावा? शिवाय फवारणीचे औषध अळीला नाव विचारून मारीत नाही.

शेवटचे विधान काही औषधांपुरते खरे आहे. परंतु शेतकऱ्याच्या हातातील सर्वांत स्वस्त आणि निर्धोक साधने नेमकी नाव विचारूनच काम करतात. कामगंध सापळ्याचे उदाहरण घ्यावे. सापळ्यात लावलेल्या गोळीत, म्हणजे ल्युअरमध्ये, मादी पतंगाच्या गंधाची नक्कल असते, आणि तो गंध त्या त्या जातीच्या नरालाच ओढून घेतो. घाटेअळीसाठी ‘हेलिल्युअर’ वापरतात. गुलाबी बोंडअळीसाठी ‘पेक्टिनोल्युअर’ अथवा ‘गॉसिप्ल्युअर’. ‘बोंडअळीचा सापळा द्या’ असे सांगून आणलेल्या सापळ्यात हेलिल्युअर असेल, आणि वावरात गुलाबी बोंडअळी असेल, तर सापळा आठवडाभर रिकामा राहील. शेतकरी निश्चिंत होईल आणि पुढच्या वेच्यास किडकी, कवडी पडलेली बोंडे त्याच्या हाती येतील. दोष सापळ्याचा नाही, साधन नाकारण्याचेही कारण नाही. दोष ‘बोंडअळी’ या मोघम शब्दाचा आहे.

दुसरे उदाहरण विषाणूचे. ‘एचएएनपीव्ही’ या नावाने मिळणारा विषाणूयुक्त द्राव घाटेअळीस रोगी करून मारतो. मेलेली अळी झाडाच्या शेंड्याकडे उलटी लोंबताना दिसते. हा विषाणू माणसास, गुरांस, मधमाशीस किंवा मित्रकिडींस अपाय करीत नाही. पण तो गुलाबी बोंडअळीवर अथवा ठिपक्याच्या बोंडअळीवरही काम करीत नाही. अळ्या लहान असताना, ऊन उतरल्यावर संध्याकाळी फवारला तरच त्याचा गुण येतो, कारण सूर्यकिरणांत तो लवकर निष्प्रभ होतो. ज्याने अळी ओळखली नाही त्याच्या हाती हे औषध म्हणजे निव्वळ पाणी होय, आणि एकदा पाणी ठरलेले औषध तो शेतकरी पुन्हा कधी विकत घेणार नाही.

तिसरी गोष्ट बीटी कपाशीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. भारतात बीटी कपाशीच्या लागवडीस २००२ साली परवानगी मिळाली, आणि दोन जनुके असलेले वाण २००६ साली आले. या बियाण्याची मुख्य लढाई घाटेअळीशीच होती. त्यापूर्वीची दोन दशके या पतंगाने गाजविली होती. १९८७ साली आंध्र प्रदेशाच्या गुंटूर व प्रकाशम जिल्ह्यांत कपाशीवर वारंवार पायरेथ्रॉइड औषधे फवारूनही अळी मरेनाशी झाली आणि शेतकरी कर्जात बुडाले. तिने त्या औषधांविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळविल्याचे तपासणीत सिद्ध झाले. बीटी वाण आल्यावर घाटेअळीचा कपाशीवरील जोर ओसरला. परंतु त्याच बियाण्याविरुद्ध गुलाबी बोंडअळीने काही वर्षांतच प्रतिकारशक्ती कमावली. प्रथम एका जनुकाच्या वाणाविरुद्ध, नंतर दोन जनुकांच्याही. २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याची जबर किंमत मोजली.

दोन्ही अळ्या बोंडच खातात, मग एक दबली आणि दुसरी माजली, असे का व्हावे? याचे उत्तर वर्गीकरण आणि त्याबरोबर येणारी राहणी यांत आहे. घाटेअळीचा पतंग ‘नॉक्टुइडी’ कुलातील असून तिची अळी शंभराहून कितीतरी अधिक वनस्पतींवर जगते. बीटी कपाशीच्या शेजारी तूर असते, हरभरा असतो, टमाटे असतात, धुऱ्यावरचे तण असते. तेथे बीटीचा स्पर्शही न झालेल्या असंख्य अळ्या वाढतात, त्यांचे पतंग कपाशीतून वाचलेल्या एखाद्या प्रतिकारक्षम पतंगाशी संकर करतात, आणि प्रतिकारशक्तीचे लोण सावकाश पसरते. गुलाबी बोंडअळी, १८४३ साली साँडर्स याने भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून वर्णिलेली, ‘गेलेचिइडी’ या सर्वस्वी वेगळ्या कुलातील आहे. ती मुख्यतः कपाशीवरच जगते. सर्व शिवार बीटी कपाशीचे झाल्यावर तिच्या पतंगांना बीटीबाहेर आश्रयच उरला नाही. जो वाचला तो प्रतिकारक्षम, आणि त्याचा जोडीदारही तसाच. फरदड ठेवल्याने तिचा मुक्काम आणखी लांबला. तुरीचे तास घाटेअळीसाठी आश्रयपट्ट्याचे काम करते, गुलाबी बोंडअळीसाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही. तिच्यासाठी आश्रय बिगर-बीटी कपाशीचाच असावा लागतो. ‘बोंडअळीसाठी तूर लावा’ हा सल्ला म्हणूनच अर्धा बरोबर आणि अर्धा चूक आहे, आणि कोणता अर्धा बरोबर हे अळीच्या नावावाचून सांगता येत नाही. ठिपक्याची बोंडअळी तर तिसऱ्याच कुलातील, आणि भेंडीवर पोसणारी. तिचा हिशेब पुन्हा निराळा.

यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली जे पाहिले ते येथे टाळता येत नाही. त्या पावसाळ्यात कपाशीवर औषधे फवारताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या दुर्घटनेस अनेक कारणे होती. पीक माणसाच्या उंचीचे वाढले होते, हवा दमट व स्तब्ध होती, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते, आणि फवारणाऱ्या मजुराला औषधाची माहिती देणारे कोणी नव्हते. अळीची ओळख पटली नाही हेच कारण होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. रस शोषणाऱ्या किडींसाठीही त्या वर्षी पुष्कळ फवारण्या झाल्या. परंतु एवढे खात्रीने म्हणता येते की, अंड्यातून निघाल्यावर अल्पावधीतच बोंडात शिरणाऱ्या गुलाबी बोंडअळीवर वरून केलेली फवारणी पोहोचत नाही, आणि जी फवारणी शत्रूपर्यंत पोहोचत नाही ती फवारणाऱ्याच्या नाकातोंडात मात्र जाते. न केलेल्या एका निरर्थक फवारणीने जेवढे रक्षण होते तेवढे हातमोजे आणि मुखपट्टीही करू शकत नाहीत. अर्थात म्हणून हातमोजे घालू नयेत, असा याचा अर्थ कोणी करू नये.

घाटेअळीच्या पतंगाचा आणखी एक गुण असा आहे की, तो एका शेतकऱ्याच्या वावरापुरता कधीच राहत नाही. तो उडता पतंग आहे. ब्रिटनमध्ये, जेथे त्याचा कायमचा निवास नाही, तेथेही तो दक्षिणेकडून उडून गेलेला दरवर्षी नोंदला जातो. उत्तर चीनमध्ये समुद्रावरून रात्री उंच हवेतून जाणारे त्याचे थवे रडारवर दिसलेले आहेत. तथापि तो टोळासारखा सदैव भटकणारा नाही. मध्य भारतात रब्बी हंगामात रडार लावून केलेली निरीक्षणे १९९२ साली प्रसिद्ध झाली. त्यांत बहुतेक पतंग पिकालगत, जमिनीपासून थोड्याच उंचीवरून उडताना आढळले. यावरून त्याचा स्वभाव लक्षात येतो. खावयास फुलोरा आहे तोवर तो जवळच घुटमळतो. पीक वाळले, सोंगले गेले की तो पुढचे हिरवे शिवार शोधीत निघतो, आणि वारा अनुकूल असेल तर दूर जातो.

बोरी अरबच्या परिसरात हा प्रवास पिकांच्या क्रमाने वाचता येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीची पाती आणि सोयाबीनच्या शेंगा, सोयाबीनची सोंगणी झाली की फुलोऱ्यावरील तूर, तूर भरत असतानाच घाटे धरू लागलेला हरभरा. एका पिकावर कोष झालेली पिढी दुसऱ्या पिकावर पतंग होऊन उतरते. शेतकऱ्याच्या लेखी ही चार पिके व चार हंगामी संकटे असतील, पतंगाच्या लेखी ते एकच वाढून ठेवलेले ताट आहे. सप्टेंबरात कपाशीच्या सापळ्यात पतंग वाढले तर ऑक्टोबरात तुरीची पाहणी लवकर सुरू करावयास हवी, ही साधी सूचना नोंदवही देऊ शकते. मात्र त्यासाठी दोन्ही पानांवर किडीचे नाव एकच लिहिलेले असले पाहिजे. आज कपाशीच्या पानावर ‘अमेरिकन बोंडअळी’ आणि तुरीच्या पानावर ‘शेंगअळी’ लिहिल्यामुळे ती दोन पाने एकमेकांशी बोलतच नाहीत. विस्तार साहित्यही या दोषातून मुक्त नाही. पीकवार घडीपत्रिका छापण्याची पद्धत सोयीची खरी, परंतु तिने एका पतंगाचे तुकडे केले आहेत.

महाराष्ट्रात पिकांवरील कीड-रोगांच्या सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प २००९ साली सुरू झाला. त्याच्या आधीच्या वर्षी विदर्भातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी जो अनर्थ केला त्यातूनच त्याची निकड पटली. ठरावीक शेतांवर ठरावीक दिवशी मोजणी, ही त्याची कल्पना उत्तम होय. पण असे सर्वेक्षण तालुक्याचे चित्र देते, गावाचे नव्हे. गावाचे चित्र गावानेच काढावयास पाहिजे. बोरी अरबसारख्या मोठ्या गावात चारी दिशांच्या शिवारांत मिळून काही मोजके हेलिल्युअर सापळे गावाच्या मालकीचे असावेत, कोणा एकाच्या वावराच्या मालकीचे नकोत. कपाशीत त्यांच्या शेजारीच, पण पुरेसे अंतर राखून, गुलाबी बोंडअळीचे सापळे वेगळे असावेत. दोन्ही सापळ्यांतील पतंग रोज सकाळी मोजून दोन वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत, आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने उतरवावा. हरभऱ्यात सतत तीन दिवस दर सापळ्यास आठ ते दहा पतंग, अथवा ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या, ही कृषी विद्यापीठांनी घालून दिलेली मर्यादा आहे. त्याच्या आत निंबोळी अर्क, पक्ष्यांसाठी थांबे आणि अळ्या वेचणे एवढ्यावर भागते. मर्यादा ओलांडली तरच औषधाकडे वळावे, आणि तेव्हाही प्रथम विषाणूकडे.

एकाने मर्यादा पाळली आणि शेजाऱ्याने दर आठ दिवसांनी तेच औषध फवारले तर पाळणाऱ्यास फारसा लाभ होत नाही, ही तक्रार खरी आहे. शेजाऱ्याच्या वावरातून वाचलेला पतंग औषध पचविणाऱ्या संततीसह धुरा ओलांडून येतो. म्हणूनच मोजणीचा आकडा गावाचा असावा, आणि निर्णयही शक्यतो गावाचा असावा. यात अडचणी पुष्कळ आहेत. शेते लहान, पेरणीच्या तारखा वेगळ्या, काही वावरे बटाईने दिलेली, आणि कृषी सहाय्यकाकडे एकापेक्षा अधिक गावे. प्रत्येक सापळ्यापाशी रोज जाण्यास त्याला वेळ नाही, हे मान्य करूनच योजना आखली पाहिजे. पतंग मोजण्यास पदवी लागत नाही. माध्यमिक शाळेतील मुलामुलींना एका सकाळीत दोन्ही पतंगांतील फरक शिकविता येतो. गुलाबी बोंडअळीचा पतंग लहान, करडा-तपकिरी, पंखांच्या कडांना झालर असलेला. घाटेअळीचा त्याच्या दुपटीहून मोठा. एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले की तो फरक सहसा विसरला जात नाही.

राहिला शास्त्रज्ञांनी नाव वारंवार बदलल्याचा आक्षेप. शास्त्रीय नाव बदलते तेव्हा त्यामागे पूर्वी न दिसलेला एखादा फरक दिसलेला असतो. १९५३ आणि १९६५ च्या कामांनी नेमके हेच केले. गावाने मात्र ‘हेलिकोव्हर्पा’ हे नाव पाठ करण्याची गरज नाही. ‘घाटेअळी’ हा शब्द मराठी आहे, छोटा आहे, हरभरा पेरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे, आणि त्यात कोणत्याही देशाचा खोटा उल्लेख नाही. कपाशीवर घाटे नसतात, मग तेथे हे नाव कसे चालेल, असे कोणी विचारील. पतंग हरभऱ्यातून कपाशीत येतो आणि कपाशीतून हरभऱ्यात जातो, हे त्या नावातच सुचविलेले राहील, एवढे त्याचे उत्तर पुरे आहे.

येत्या हंगामासाठी ल्युअर खरेदी करताना पाकिटावर कोणत्या पतंगाचे नाव छापले आहे ते दुकानातच वाचून घ्यावे, आणि सापळ्याच्या दांडीवर रंगाने तेच नाव लिहून ठेवावे. ल्युअर किती दिवसांनी बदलावयाचा तेही पाकिटावर दिलेले असते. जुना ल्युअर वाऱ्यावर उडून गंध गमावतो, आणि मग रिकाम्या सापळ्याचा अर्थ पतंग नाहीत असा होतो की गंध उरला नाही असा, हे कोणालाच सांगता येत नाही.